उत्तर येतंय ना?

"उत्तर येतं म्हणून माणूस आहे असं धरून चालू नकोस, मैथिली," डॉ. देवतळे म्हणाल्या होत्या. मैथिलीने तेव्हा हसून मान डोलावली होती आणि संत्रा बर्फीचा दुसरा तुकडा उचलला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. 'उन्नती' कंपनीच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत देवतळे मॅडमच्या निवृत्तीचा दिवस होता आणि त्याच दिवशी प्रतिच्छायेची शेवटची चाचणी होती. भाषण द्यायचं सोडून मॅडम मैथिलीलाच प्रश्न विचारत बसल्या. तोंडी परीक्षा घेण्याची सवय काही शेवटच्या दिवशीही सुटली नाही.

"ही तुझी प्रतिच्छाया जागी कधी होते?"

"मौनमर्यादा ओलांडली की," मैथिली म्हणाली. "माणूस 'उन्नती'वर सलग बहात्तर तास काही बोलला नाही, की त्याच्या वतीने छाया उत्तरं द्यायला लागते. त्याने आजवर लिहिलेल्या हजारो ओळींवरून त्याच्यासारखंच लिहायला ती शिकलेली असते. कोणी ताटकळत नाही, कोणाला राग येत नाही."

"हजारो ओळी म्हणजे सगळ्याच?"

"नाही, सूरगाळणीतून गाळून आलेल्या. आजारपण, मरण, चिडचिड, रडगाणं, हे सगळं गाळणीत अडकतं. 'उन्नती'वर लोक बढती सांगायला येतात मॅडम, पोटदुखी सांगायला नाही."

"आणि जे छाया शिकलीच नाही, ते समोरच्याने लिहिलं तर तिला कळेल?"

"नाही कळणार. समजा कोणी लिहिलं, 'आई वारली', तर छायेला त्यात फक्त 'आई' दिसेल."

"उत्तर छायेचं आहे अशी खूण तरी लावणार?"

"खूण लावली की लोक पुढे बोलतच नाहीत. चाचणीत बघितलंय आपण."

"मग माणसाने रडायचं कुठे गं?"

"त्यासाठी 'टवाळी' आहे ना!" मैथिली म्हणाली आणि अख्खी प्रयोगशाळा हसली.

'टवाळी' म्हणजे प्रतिस्पर्धी. उड्डाणपुलाच्या पलीकडे तिची काचेची इमारत होती. जो तो दोन्हीकडे असायचा. बाहेर जायचे कपडे वेगळे आणि घरात घालायचे वेगळे, तसंच ते. 'उन्नती'वर पदं, परिषदा, मानपत्रं. 'टवाळी'वर नकला, जेवणाची ताटं, वऱ्हाडातल्या वरातींचे नाच. दोन्ही कंपन्यांनी एकाच वर्षी छाया आणल्या आणि एकमेकींच्या माहितीला हात लावायचा नाही असा करार केला. त्यामुळे प्रत्येक माणसाच्या दोन छाया झाल्या. एक फक्त त्याचं काम ओळखणारी, दुसरी फक्त त्याची गंमत.

हसणं ओसरल्यावर मॅडम तिच्या कानाशी येऊन ते वाक्य बोलल्या होत्या. मैथिलीला वाटलं, निवृत्त होणाऱ्या माणसाला जरा जड बोलावंसं वाटतं, एवढंच.

*

आज त्याच मैथिली काळमेघच्या घरी बारसं होतं.

पोरगी सव्वा महिन्याची झाली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा लावलेल्या, घुगऱ्यांचं पातेलं ओट्यावर, पाहुणे दाटीवाटीने बसलेले. फक्त आत्या नव्हती. मैथिलीचा नवरा संकेत एकुलता एक, बहीण नाही. म्हणून डोहाळजेवणातच ठरलं होतं की बाळाच्या कानात नाव सांगायचं ते तेजलने. तेजल बोरकुटे म्हणजे अमरावतीच्या वसतिगृहातली मैथिलीची खोलीसोबतीण. पुढे एक 'उन्नती'त लागली, दुसरी 'टवाळी'त. कामाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, या अटीवर मैत्री टिकली होती. डोहाळजेवणाला आली तेव्हा तेजललाही चौथा महिना लागला होता. "माझ्या पोराला तुझी पोरगी राखी बांधंल, मंग मी आत्या कशी?" असं म्हणून तिनेच सगळ्यांना हसवलं होतं.

"आली का गं तुझी आत्याबाई?" सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"येईल. दोन्हीकडे 'येते' म्हणालीय."

दोन्हीकडे म्हणाली होती, हे खरं. पण आत्ता मैथिलीच्या हातातल्या पडद्यावर जे दिसत होतं त्याचा तिला काही अर्थच लागेना. 'उन्नती'वर दहा मिनिटांपूर्वी तेजलचं उत्तर आलं होतं: 'आमंत्रणाबद्दल आभारी आहे. आज दिल्लीतील परिषदेत व्यग्र आहे.' 'टवाळी'वर सहा मिनिटांपूर्वी: 'अगं मी चिखलदऱ्यात! धुकं, भजी आणि मी. जळ तू!'

दिल्ली आणि चिखलदरा. एकाच दुपारी.

तिने फोन लावला. तसा न विचारता फोन करणं आता अंगावर धावून गेल्यासारखं समजलं जाई, पण तिने लावला. वाजून वाजून बंद झाला आणि लगेच 'उन्नती'वर उत्तर उमटलं, 'बैठकीत आहे, नंतर बोलू.'

खोटं बोलतेय. का बोलतेय? काहीतरी चुकलंय आपलं, असं मैथिलीला महिनाभर वाटतच होतं. प्रसूतीनंतर नवव्या दिवशी, पोरगी दुपारभर रडत असताना, तिने तेजलला 'टवाळी'वर लिहिलं होतं: 'तेजू, मला भीती वाटतेय. ही रडते आणि मग मलाही रडू येतं. आपल्याकडून हिला काही होईल असं सारखं वाटतं.' उत्तर आलं होतं, 'हॅहॅ, पोरगी तुझ्यावर गेली! तूपण परीक्षेच्या आधी अशीच भोकाड पसरायची!' मैथिलीने पडदा उलटा ठेवला. त्यानंतर सगळ्यांना एकदम धाडलेलं बारशाचं आमंत्रण सोडलं तर तिने तेजलला एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"मुहूर्त टळतोय," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगते नाव."

"नाही आई. आत्या आल्याशिवाय नाव नाही."

"का माय, तुमचं तरी आजकालचं! बिननावाची ठेवणार का पोरीला?"

तेवढ्यात दारातून देवतळे मॅडम आल्या. काखेत पिशवी, पिशवीत बाळंतविडा: हाताने शिवलेलं दुपटं, टोपडं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. त्या 'उन्नती'वर नव्हत्या, 'टवाळी'वरही नव्हत्या. संकेत स्वतः जाऊन त्यांना बोलावून आला होता. त्यांनी बाळाला घेतलं, सासूबाईंशी दोन शब्द बोलल्या आणि मैथिलीचा चेहरा बघून तिला आतल्या खोलीत नेलं.

"काय झालंय?"

मैथिलीने पडदा पुढे केला. मॅडमनी दोन्ही उत्तरं वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"भांडण झालंय तुमचं?"

"तेच तर कळत नाही. मला टाळायचंच असेल तर एकच थाप दोन्हीकडे मारायची ना. हुशार आहे ती."

"तिला काहीतरी वाईट कळव."

"म्हणजे?"

"काहीही. माणूस असेल तर हातातलं टाकून धावत येईल."

बारशाच्या दिवशी घरात अशुभ लिहायचं? पण तिने लिहिलं, दोन्हीकडे, एकच ओळ: 'तेजू, आमचं घर जळालं.'

अर्ध्या मिनिटात 'उन्नती' म्हणाली, 'घराबद्दल हार्दिक अभिनंदन! नव्या वास्तूत आपली अशीच प्रगती होवो.'

'टवाळी' म्हणाली, 'घर! पार्टी कधी? मी पुरणपोळीशिवाय येणार नाही, सांगून ठेवते!'

मैथिली पलंगावर बसली. गाळणी तिने स्वतः बांधली होती. 'आई वारली'मधली 'आई' आणि 'घर जळालं'मधलं 'घर'. तिने स्वतः दिलेलं उदाहरण. तरी महिनाभर कळलं नाही, कारण बाकी सगळ्यांना छाया उत्तर देत असेल, आपल्याशी मात्र तेजल स्वतः बोलते, हे तिने इतकं गृहीत धरलं होतं.

"म्हणजे ती दोन्हीकडे तीन दिवसांहून जास्त गप्प आहे," ती पुटपुटली. "किती जास्त?"

"ते इथे बसून कसं कळणार?" मॅडम म्हणाल्या. "चल, ऊठ."

पाहुण्यांना घुगऱ्यांवर सोडून, सासूबाईंची बोलणी पाठीवर घेऊन, ते निघाले. संकेत गाडी चालवायला, मॅडम पुढे, मागे मैथिली, आणि दुपट्यात गुंडाळलेली बिननावाची पोरगी.

*

तेजलच्या घराची घंटा चार वेळा वाजवावी लागली. मग कडी निघाली.

दारात तेजलच होती. अंगावर नवऱ्याचा जुना सदरा, केस कितीतरी दिवस विंचरलेले नाहीत. पोट सपाट. मैथिलीची नजर तिथेच अडकली.

"काहून आली तू?" तेजल म्हणाली. आवाजात राग होता, पण रागालाही ताकद लागते, तेवढी नव्हती. "अभिनंदन करायला?"

"कसलं अभिनंदन? तेजू, मला काही माहीत नाही."

"माहीत नाही? मी लिहिलं होतं तुला. दवाखान्यातून."

ती आत गेली आणि पडदा घेऊन आली. 'उन्नती'वरचा त्या दोघींचा संवाद ती वर वर सरकवत राहिली. दोनशेच्या वर ओळी होत्या. 'आपल्या वाटचालीचा अभिमान वाटतो.' 'आपलाही.' 'नव्या आठवड्यासाठी शुभेच्छा.' 'आपणांसही.' मैथिलीने यातली एकही ओळ लिहिली नव्हती; आज घाईत शेवटचं उत्तर तेवढं पाहिलं होतं, वर सरकवून काही वाचलंच नव्हतं. तेजलनेही नाही. त्या दोघी आपापल्या घरात तोंड फिरवून बसलेल्या असताना त्यांच्या दोन छाया महिनाभर एकमेकींचं कौतुक करत राहिल्या होत्या.

सगळ्यात वर, सदतीस दिवसांपूर्वीची ओळ होती. ही तेजलने स्वतः लिहिलेली:

'मैथू, बाळ गेलं. मला काही सुचत नाहीये. येतेस का?'

आणि खाली मैथिलीच्या नावाने: 'बाळाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! हा नवा टप्पा आपणांस यशदायी ठरो.'

मैथिलीने दिवस मोजले. त्या दिवशी ती स्वतः दवाखान्यात होती. पोरगी चार दिवसांची. रजा सुरू झाल्यापासून तिने 'उन्नती' उघडलं नव्हतं. तिची छाया केव्हाच जागी झाली होती.

"तेजू, ही मी नव्हे."

"मग कोण?"

"मी बांधलेलं यंत्र."

तेजल भिंतीला टेकून खाली बसली. "तू काही लिहिलंस का मला?"

"नवव्या दिवशी. भीती वाटते म्हणून लिहिलं होतं. तू खी खी केलंस."

"मी तोवर सगळं बंद करून पडले होते गं."

मॅडम स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आल्या. संकेत पोरीला खांद्यावर घेऊन दाराशीच उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"एक सांग," मॅडमनी तेजलला विचारलं. "तुमचं रोजचं बोलणं 'टवाळी'वर. मग ही एवढी गोष्ट 'उन्नती'वर का लिहिलीस?"

"कारण आमची हास्यगाळणी काय करते ते मला माहितीय मॅडम. मीच बसवलीय ती. रडण्याची ओळ आली की लोक पुढे सरकतात, म्हणून आम्ही ती छायेला शिकवतच नाही. वाटलं, मैथू नसली आणि छायेच्या हाती लागलं तर चेष्टा होईल. तुम्ही गंभीर लोक. तुम्ही दुःखाचं ठेवत असाल."

मैथिलीच्या तोंडून हसू निघालं की हुंदका, तिचं तिलाच कळलं नाही. "आणि मी 'टवाळी'वर लिहिलं. आमचं यंत्र अभिनंदन करेल, ते मला माहीत होतं. वाटलं, तुम्ही घरगुती लोक. तुम्ही ठेवत असाल."

"म्हणजे कोणीच ठेवत नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

पोरगी कुरकुरली. तेजलने मान वर केली. तिने हात पुढे केले नाहीत, मैथिलीनेही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तेजलच म्हणाली, "दाखव तरी." मग तिने मुलीला मांडीवर घेतलं, टोपडं सारखं केलं आणि विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"तू सांगितल्याशिवाय कसं ठेवणार? डोहाळजेवणाला तूच सुचवलं होतंस."

तेजल वाकली आणि पोरीच्या कानात म्हणाली, "रेवा." तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा नीट म्हणता आलं नाही.

*

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, असं मैथिलीला नंतर अनेकदा वाटलं.

उठता उठता तिने सहज विचारलं, "निनाद कधी येतोय मग? तो तरी होता ना तुझ्याशी बोलायला?"

निनाद म्हणजे तेजलचा नवरा. जहाजांचे आराखडे काढायच्या कामावर पाच-सहा महिन्यांपासून मस्कतला होता, खोलीवर बसूनच काम करायचा. तेजलचा चेहरा पुन्हा मिटला.

"त्याचं नाव काढू नको. फोन उचलला नाही. मग त्यालाही लिहिलं, तुला लिहिलं त्याच दिवशी. नवऱ्याने शुभेच्छा दिल्या मला! बघ."

मैथिलीने वाचलं. 'या नव्या टप्प्यासाठी शुभेच्छा. कुटुंब हीच खरी ताकद.'

"हे कुठलं आहे?"

"'उन्नती'. त्याला 'टवाळी' आवडत नाही. म्हटलं इतका कोरडा झाला हा माणूस? त्या दिवसापासून मी त्याचं काही वाचलंच नाही. रोज सकाळी 'आपला दिवस शुभ जावो' येतं, येऊ दे मेलं."

मॅडमनी चष्मा काढला. तेजलने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळायला तेवढं पुरलं.

"म्हणजे हा तो नाही," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मग तो कुठे आहे?"

त्याची छाया केव्हापासून बोलतेय, हे कोणालाच सांगता येईना. सदतीस दिवसांपूर्वी तर ती बोलतच होती. म्हणजे त्याआधी तीन दिवस तरी तो गप्प होता. त्याला नोकरी होती की गेली होती? गेली असती तर त्याने ते लिहिलं असतं का, आणि लिहिलं असतं तरी तेजलच्या छायेने काय उत्तर दिलं असतं? त्याच्या कंपनीला कळवलं, तर 'उन्नती'वरून लगेच उत्तर आलं, 'निनाद बोरकुटे हे आमच्या परिवाराचा अमूल्य भाग आहेत.' हे कंपनीतल्या कोणी लिहिलं की कोणाच्या छायेने, तेही कळेना. पोलिस चौकीवर हवालदाराने पडदा बघितला आणि परत केला.

"आज सकाळचं उत्तर आहे की हो ताई. उत्तर येतंय ना? मग माणूस हरवला कसा?"

शेवटी मैथिलीने स्वतःच्या हाताने दोन्हीकडे जाहीर लिहिलं: 'निनाद बोरकुटे बेपत्ता आहे. मस्कतमध्ये कोणी असाल तर मदत करा.' संध्याकाळपर्यंत चारशे बारा उत्तरं आली. चारशे नऊ जणांनी निनादचं अभिनंदन केलं, नाहीतर मस्कतचं खाणं कसं आहे ते विचारलं. यात तिचा मामेभाऊ होता, शाळेतल्या बाई होत्या, शेजारच्या घरातली मुलगी होती. तिघांनी विचारलं, 'काय झालं?'

त्या तिघांपैकी मस्कतला कोणी नव्हतं.

मैथिली त्या यादीकडे बघत बसली. मांडीवर रेवा झोपली होती. चारशे नऊ. त्यांतले काही नुसते कामात असतील, काहींना कंटाळा आला असेल. आणि काही? कोणाच्या घरी आधी जायचं? मामेभावाकडे दुसऱ्याच दिवशी संकेत गेला. भाऊ मजेत होता, परीक्षा होती म्हणून सगळं बंद ठेवलं होतं. शाळेतल्या बाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या मुलीने दार उघडलं आणि मैथिलीला बघून एकदम रडायलाच लागली.

ज्या दोन ठिकाणी अख्खं गाव होतं तिथे ही बातमी कोणापर्यंत पोचणार नव्हती. म्हणून देवतळे मॅडमच्या ओळखीने हा मजकूर कागदावर छापायला दिला. कागदाला गाळणी नसते. मजकूर मैथिलीने लिहिला, खाली तेजलने सही केली:

'वाचणाऱ्यास विनंती. मस्कतला, बंदराच्या मागच्या गल्लीत एक पिवळी इमारत आहे, खाली शिंप्याचं दुकान आहे. तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या खोलीत निनाद बोरकुटे राहतो. उंच आहे, भुवईवर व्रण आहे, मूळचा वणीचा. तुम्ही तिथे असाल, किंवा तुमचं कोणी तिथे असेल, तर कृपा करून जाऊन बघा. त्याला लिहू नका, तो उत्तर देईल. दार वाजवा. आतून आवाज आला तरी दार उघडेपर्यंत थांबा.'